परदेशातील भारतीयाला वाली कोण?

१२ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे दिल्लीच्या विमानतळावर सात माणसे उतरली आणि त्यांच्या मुखातून 'भारत माता की जय' हा घोष उमटला. भारतीय नौदलातून निवृत्त होऊन कतारमध्ये नोकरीस गेलेल्या आठ जणांपैकी हे सात जण. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना अटक झाली, २६ ऑक्टोबर २०२३ रोजी मृत्युदंड ठोठावला गेला आणि त्यांच्यावर आरोप नेमका कोणता, हे जगाला कधीही अधिकृतपणे सांगितले गेले नाही. भारत सरकारने आपले सारे राजनैतिक वजन खर्ची घातले. डिसेंबरमध्ये मृत्युदंड रद्द होऊन कारावास उरला आणि दीड महिन्यात सुटका झाली. त्या दिवशी देशाची मान उंचावली.

बरोबर एक वर्ष आणि तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारी २०२५ रोजी, अबुधाबीत उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यातल्या एका घरकाम करणाऱ्या तरुणीला देहदंड देण्यात आला. मालकाच्या तान्ह्या बाळाच्या मृत्यूस ती जबाबदार असल्याचा ठपका तिच्यावर होता. त्याच्या आदल्या काही दिवसांत तिचा घरी शेवटचा दूरध्वनी आला होता. मुलगी जिवंत आहे की नाही एवढे तरी कळावे, म्हणून बाप दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. ३ मार्च रोजी न्यायालयात सांगण्यात आले, की शिक्षेची अंमलबजावणी पंधरवड्यापूर्वीच झाली आहे. आपल्या दूतावासालाही ती अधिकृतपणे कळली २८ फेब्रुवारीला. दूतावासाने दयेचे अर्ज केले होते, वकील दिला होता, असे परराष्ट्र खात्याने सांगितले. ते खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. भारताची एक नागरिक परक्या भूमीवर मरणाच्या दारात उभी असताना तिच्या देशाला तेरा दिवस पत्ता लागू नये, ही कोणत्या दर्जाची पाठराखण म्हणायची?

दोन फेब्रुवारी आणि दोन भारतीय नशिबे. एकाच्या पाठीशी राष्ट्र उभे राहिले, दुसऱ्याच्या पाठीशी एक फाईल.

संख्या बोलते, पण ऐकतो कोण?

हा काही एखादा अपवाद नव्हे. मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशांतील तुरुंगांत १०,१५२ भारतीय होते. खटल्याच्या प्रतीक्षेतील कच्चे कैदीही त्यांत आले. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात या दोन देशांत प्रत्येकी अडीच हजारांहून अधिक. मृत्युदंड ठोठावलेले ४९. त्यांपैकी २५ अमिरातीत, ११ सौदी अरेबियात, ६ मलेशियात, ३ कुवेतमध्ये आणि इंडोनेशिया, कतार, अमेरिका व येमेनमध्ये प्रत्येकी एक.

याच भारतीयांनी आणि त्यांच्यासारख्या लाखोंनी २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात मायदेशी धाडलेली रक्कम १३५ अब्ज डॉलरहून अधिक आहे. परकीय चलनाच्या गंगाजळीचे आकडे सांगताना अर्थतज्ज्ञांचा ऊर भरून येतो. २००३ पासून ९ जानेवारीच्या सुमारास प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो, तेथे उद्योगपती, शास्त्रज्ञ, राजकारणी यांचे सत्कार होतात. ते व्हावेतच. परंतु शारजाच्या कोठडीतला सुतार, दम्मामच्या तुरुंगातला वाहनचालक, मेलबर्नच्या पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारा विद्यार्थी हाही प्रवासी भारतीयच आहे. त्याच्या वाट्याला व्यासपीठ आले नाही तरी चालेल. वकील आणि दुभाषा तरी यावा की नको?

अटकेनंतरचे पहिले तास

आखाती देशात एखाद्या भारतीय कामगाराला अटक होते तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घेतले पाहिजे. त्याचे पारपत्र बहुधा त्याच्याजवळ नसतेच. ते 'कफील' म्हणजे पुरस्कर्त्या मालकाच्या कपाटात असते. कायद्याने असे पारपत्र ठेवून घेणे त्या देशांतही निषिद्ध आहे, पण कायदा आणि व्यवहार यांतले अंतर काय ते मजूरच जाणतो. मालकाने 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची तक्रार नोंदवली, की पगार मागणारा कामगार रातोरात फरारी ठरतो. पोलीस चौकीत जबाब लिहिला जातो अरबीत. न्यायालयाचा कारभार चालतो अरबीत. ज्याला स्वतःचे नाव इंग्रजीत लिहिताना हात थरथरतो, तो न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवतो आणि तोच कागद पुढे त्याचा कबुलीजबाब ठरतो.

याच क्षणासाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे. १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत करारातील ३६ वे कलम सांगते, की अटक झालेल्या परकीयाला, आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा तुला हक्क आहे, हे विनाविलंब सांगितले पाहिजे. हे कलम किती धारदार आहे, ते भारतानेच जगाला दाखवून दिले. महाराष्ट्राचे सुपुत्र कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये मृत्युदंड सुनावला. भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने निर्णय दिला, की पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केला आहे. जाधवांची सुटका झाली नाही. पण फास थांबला.

जे शस्त्र शत्रुराष्ट्राविरुद्ध इतक्या निर्धाराने उपसले, ते मित्रराष्ट्रांच्या चौकीत म्यानातच का राहते? जेथे तेल विकत घ्यायचे आहे, जेथून गुंतवणूक यायची आहे, तेथे आपल्या मजुराच्या हक्काचा शब्द काढला तर मैत्रीला तडा जाईल, ही भीती बाबूशाहीच्या मनात घर करून बसली आहे. ज्या मैत्रीला आपल्या नागरिकाची विचारपूसही सोसत नाही, त्या मैत्रीची किंमत आपण फार लावतो आहोत.

जिवाचे मोल आणि वर्गणीचे पुस्तक

आखाती देशांच्या न्यायपद्धतीत 'दिया' म्हणजे रक्तमूल्य हा प्रकार आहे. मृताच्या वारसांनी भरपाई स्वीकारून क्षमा केली, तर देहदंड टळतो. ती त्यांची परंपरा आहे आणि तिने कित्येक भारतीयांचे प्राण वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये शारजात एका पाकिस्तानी नागरिकाच्या खुनाबद्दल १७ भारतीयांना, बहुतेक पंजाबी तरुणांना, मृत्युदंड झाला होता. एका दानशूर भारतीय उद्योजकाच्या पुढाकाराने रक्तमूल्य दिले गेले आणि २०१३ मध्ये ते घरी परतले. केरळच्या एका वाहनचालकासाठी २०२४ मध्ये सामान्य माणसांनी वर्गणी काढून सुमारे ३४ कोटी रुपये उभे केले. २००६ पासून तो सौदी तुरुंगात होता. येमेनमधील भारतीय परिचारिकेची शिक्षा १६ जुलै २०२५ रोजी अमलात यायची होती, ती ऐनवेळी पुढे ढकलली गेली. त्या वेळी महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की सरकारला एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही आणि रक्तमूल्याची बोलणी हा खासगी मामला आहे.

मामला खासगी, म्हणजे ज्याच्या पाठीशी संघटित समाज, त्याचा जीव वाचेल. ज्याच्या गावात वर्गणीचे पुस्तक निघणार नाही, तो जाईल. केरळचा समाज या बाबतीत जागा आहे, त्याचे कौतुक केलेच पाहिजे. पण बांद्याच्या त्या बापासाठी कोणते वर्गणीचे पुस्तक निघाले?

आणखी एक गोष्ट मनाला डागण्या देणारी आहे. सौदी अरेबियात अपघाती मृत्यूची भरपाई ठरवताना मृताचा धर्म पाहिला जातो, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या धर्मस्वातंत्र्यविषयक अहवालांत वर्षानुवर्षे नोंदलेले आहे. मुस्लिम पुरुषाला पूर्ण रक्कम, ख्रिस्ती वा ज्यूला निम्मी आणि हिंदूंसह इतरांना एक षोडशांश! ज्या हिंदू मजुराच्या घामाने त्या वाळवंटात मनोरे उभे राहिले, त्याच्या जिवाला रुपयात एक आणा. अल्पसंख्याकांच्या हक्कांवर दिल्ली-मुंबईत परिसंवाद झोडणाऱ्या मंडळींनी या एका आण्यावर कधी लेखणी झिजवल्याचे स्मरत नाही.

सुधारलेल्या देशांतला न्याय

हा सारा दोष आखातावर टाकून पाश्चात्त्यांना प्रशस्तिपत्र देण्याचेही कारण नाही. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले झाले. पोलिसांचा पहिला सल्ला काय, तर लोकलगाडीत आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका! म्हणजे लुटारूला वेसण घालण्याऐवजी लुटल्या जाणाऱ्याच्या जिभेला कुलूप. २ जानेवारी २०१० च्या रात्री याराव्हिल उपनगरातील एका उद्यानातून कामावर निघालेल्या २१ वर्षांच्या भारतीय पदवीधराला भोसकून ठार करण्यात आले. तेव्हाही 'हा वंशद्वेष नव्हे' हेच पालुपद चालू होते. पुढे तेथील सरकारच्याच गुन्हेशास्त्र संस्थेने २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय विद्यार्थ्यांवरील साध्या मारहाणीचे प्रमाण स्थानिकांपेक्षा अधिक नव्हते, परंतु लुटमारीचे प्रमाण मात्र अधिक आढळले. कारणे उघड होती. रात्री उशिराच्या पाळ्या, पेट्रोलपंप, टॅक्सी आणि किराणा दुकाने, दूरच्या उपनगरांतली स्वस्त घरे, निर्मनुष्य स्थानके. आणि या जीवनात त्यांना ढकलणारे कोण? स्वयंपाक आणि केशकर्तनाच्या अभ्यासक्रमांना कायम वास्तव्याची शिडी म्हणून विकणारे आपलेच दलाल!

अमेरिकेत, सिएटलमध्ये, २३ जानेवारी २०२३ रोजी ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ११९ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या पोलीस गाडीने २३ वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थिनीला चिरडले. दुसरा एक पोलीस अधिकारी दूरध्वनीवर हसत म्हणाला, की तिचे मोल मर्यादितच होते, अकरा हजार डॉलरचा धनादेश लिहून टाका. हे त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याने टिपले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी चालकावर फौजदारी खटला भरण्यास नकार दिला. पुढे दोघांच्याही नोकऱ्या गेल्या, पण ज्याने जीव घेतला त्याला तुरुंगाचे दार पाहावे लागले नाही.

न्याय मिळतो कोठे, तेही पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील ओलेथ येथे 'माझ्या देशातून चालता हो' म्हणत एका माथेफिरूने भारतीय अभियंत्याचा गोळ्या झाडून खून केला. त्याला अडवू पाहणारा एक अमेरिकन तरुण स्वतः गोळी खाऊन पडला. मारेकऱ्याला पुढच्याच वर्षी जन्मठेप झाली. साक्षीदार पुढे आले, वृत्तपत्रे जागी राहिली, दोन्ही देशांचे लक्ष खिळून राहिले, म्हणून हे घडले. न्यायाची यंत्रणा असते. तिला जागे ठेवणारा कोणीतरी लागतो.

पुरावा मुंबईत, आरोपी दोहात

आणि काही वेळा गुन्ह्याचे मूळ परदेशात नसतेच, ते आपल्याच गल्लीत असते. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे नातेवाइकाने भेट दिलेल्या सहलीसाठी दोह्याला निघाले. जर्दा म्हणून सोपवलेल्या पुडक्यात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची मुलगी तुरुंगातच जन्मली. इकडे मुंबईत घरच्यांनी पाठपुरावा केला, अंमली पदार्थ नियंत्रण विभागाने टोळीचा माग काढला आणि तो पुरावा कतारच्या न्यायालयापुढे गेला, तेव्हा कोठे मार्च २०२१ मध्ये दोघे निर्दोष सुटले. २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीला भूमिकेच्या चाचणीचे आमिष दाखवून शारजाला धाडण्यात आले; तिच्या हाती दिलेल्या चषकात अंमली पदार्थ दडवलेला होता. मुंबई पोलिसांनी कारस्थान उघडकीस आणले म्हणून ती सुटली.

या दोन्ही प्रकरणांचा धडा एकच आहे. परदेशात अडकलेल्या निरपराध्याच्या सुटकेची किल्ली पुष्कळदा भारतातल्या पोलीस ठाण्यात असते. मुंबईत वजनदार तपासयंत्रणा आहे, घरचे लोक दारोदार फिरू शकतात. हेच नांदेडच्या वा सोलापूरच्या एखाद्या खेड्यातल्या आईबापांना कसे जमावे? ठाण्यातला हवालदार 'गुन्हा परदेशात घडला, आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून वाटेला लावतो. म्यानमारमधील सायबर गुलामीच्या छावण्यांतून मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणले, ही अभिमानाची गोष्ट. पण या तरुणांना तेथे धाडणारे दलाल भारतातच कार्यालये थाटून बसले होते, ही तितकीच शरमेची.

दया नको, हक्क हवा

व्यवस्था मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला, २०१५ मध्ये 'मदद' हे तक्रार संकेतस्थळ आले, मजुरांसाठी दहा लाखांचा विमा आहे, कैद्यांच्या हस्तांतरणासाठी २००३ चा कायदा आणि सौदी अरेबिया, अमिरात, कतार यांच्याशी करार आहेत. परंतु करारांचा लाभ घेऊन मायदेशी आलेले कैदी मोजकेच. कल्याण निधीतून वकील द्यायचा की नाही, हे 'पात्र प्रकरण' पाहून वकिलातीने ठरवायचे. गंमत अशी, की हा निधी प्रवासी भारतीयांच्याच वकिलातीतील सेवांवरील शुल्कातून भरतो. म्हणजे पैसा त्यांचा, संकट त्यांचे आणि मेहेरबानी साहेबांची! १९८३ चा स्थलांतर कायदा भरती आणि प्रस्थान यांपुरता बोलतो. अटक झालेल्या भारतीयाच्या हक्कांबद्दल तो मुका आहे. तो बदलण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ अशी मसुद्यांमागून मसुद्यांची मालिका मात्र निघाली.

फिलिपिन्ससारख्या लहान देशाने काय केले? मार्च १९९५ मध्ये सिंगापुरात एका फिलिपिनो मोलकरणीला फाशी झाली. मनिला पेटून उठले. परराष्ट्रमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला आणि तीन महिन्यांच्या आत स्थलांतरित कामगारांच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. दहा कोटी पेसोंचा कायदेशीर साहाय्य निधी आणि या प्रकरणांसाठी स्वतंत्र विधी अधिकारी त्या कायद्यातच लिहिला गेला. एका मोलकरणीच्या मृत्यूने तेथे कायदा जन्मला. आपल्या मोलकरणीच्या मृत्यूने येथे दोन दिवसांची बातमी जन्मली.

कोणी म्हणेल, परक्या देशात त्याचाच कायदा चालणार, गुन्हेगाराची कड कशाला घ्यायची? गुन्हेगाराची कड कोणीच घेत नाही. दोषी ठरलेल्या भारतीयाने शिक्षा भोगलीच पाहिजे, आणि ज्या घरातले माणूस गेले त्या घराचे दुःखही आपल्या दुःखाइतकेच खरे आहे. पण दोषी कोण, हे ठरण्यापूर्वी आरोपीला त्याच्या भाषेत आरोप कळला पाहिजे, वकील मिळाला पाहिजे आणि त्याच्या घरच्यांना तो जिवंत आहे की नाही हे कळले पाहिजे. एवढे मागणे म्हणजे कोणाच्या सार्वभौमत्वावर घाला नव्हे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. परदेशात अटक झालेल्या प्रत्येक भारतीयाला वकील व दुभाषा हा कायद्याने दिलेला हक्क व्हावा. अटकेची वार्ता कळताच ठरावीक मुदतीत वकिलातीचा अधिकारी त्याला भेटावा आणि कुटुंबाला लेखी कळवावे. मृत्युदंडाच्या प्रत्येक प्रकरणी अंमलबजावणीपूर्वी भारताला सूचना देण्याची हमी मित्रराष्ट्रांकडून घ्यावी. अशा प्रकरणांतला भारतातील पुरावा गोळा करण्यासाठी प्रत्येक राज्याच्या पोलिसांत स्वतंत्र कक्ष असावा. आणि केरळने १९९६ पासून अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते चालवले आहे, त्या तोडीची यंत्रणा महाराष्ट्राने उभारावी.

समाजालाही आपला वाटा उचलावा लागेल. जाणाऱ्याला घरातूनच सांगितले पाहिजे, की पर्यटन व्हिसावर नोकरीला जाऊ नकोस, दलालाचा परवाना सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहा, दुसऱ्याचे पुडके सामानात घेऊ नकोस, न समजणाऱ्या कागदावर सही करू नकोस, पारपत्राची प्रत घरी ठेव. आणि दुर्दैवाने तो अडकलाच, तर 'काहीतरी केलेच असेल' म्हणून त्याच्या आईबापांशी बोलणे टाकू नका. पैसे पाठवत होता तोवर तो गावाचे भूषण होता. तुरुंगात गेल्यावर तो परका कसा झाला?

शंभर वर्षांपूर्वी आपण पारतंत्र्यात होतो. तरीही नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात नाताळला जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांच्या भरतीबंदीचा ठराव मांडून तो मान्य करवून घेतला. १९१२ मध्ये साऱ्या गिरमिट पद्धतीच्या अंताचा त्यांचा ठराव सरकारी मतांनी पडला. त्याच वर्षी प्रकृती साथ देत नसतानाही ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. ज्या मजुरांशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते, ज्यांची भाषा वेगळी होती, त्यांच्यासाठी पुण्याचा हा माणूस झिजला, कारण ते भारतीय होते. हाती सत्ता नसताना ते जमले. आज सत्ता आहे, सामर्थ्य आहे, जगात शब्दाला वजन आहे.

नौदलाच्या त्या सात जणांसाठी हे वजन वापरले गेले, तेव्हा काय होऊ शकते ते देशाने पाहिले. तेच वजन बांद्याच्या बापासाठीही वापरले जाईल, त्या दिवशी 'भारत माता की जय' या घोषाचा अर्थ पूर्ण होईल. माता लेकरांत निवड करत नाही.